कौतुक झालं की अवघडल्यासारखं होतं. ते मनापासून कसं स्वीकारावं?

तुम्ही लिहिलंय की कुणी कामाची तारीफ केली की तोंडून आपोआप 'छे, त्यात काय विशेष' निघतं, तुम्ही घाईने विषय बदलता आणि नंतर एकटं असताना त्याचीच रुखरुख लागते. हे मला चांगलंच ओळखीचं आहे, म्हणून उत्तर देते.

मी गेली बावीस वर्षं मुद्रितशोधन करते. माझं कामच चुका हुडकण्याचं. पुस्तकातल्या काढून टाकलेल्या शेकडो चुका कुणालाच दिसत नाहीत, नजरेतून सुटलेली एक मात्र सगळ्यांना दिसते. एका लेखिकेचं पहिलं पुस्तक छापून आलं, तेव्हा त्यांनी मुद्दाम फोन केला. म्हणाल्या, "तुम्ही नसतात तर हे इतकं नेटकं झालंच नसतं." मी लगेच म्हटलं, "अहो, कसलं काय! सत्तेचाळिसाव्या पानावर माझ्याकडून एक वेलांटी राहिलीच आहे." पलीकडे क्षणभर शांतता. पुढे काही महिन्यांनी त्यांनीच सांगितलं, की तेव्हापासून पुस्तक हातात घेतलं की आधी तेच पान आठवतं. तोवर ती वेलांटी त्यांना दिसलीही नव्हती.

त्या दिवसापर्यंत मी याला नम्रपणा समजत होते. पण त्यांच्या आनंदावर विरजण घातलं ते मीच. शिवाय 'तुम्हाला नीट पारख नाही' असंच मी त्यांना सुचवलं होतं. कौतुक परतवताना आपण फक्त स्वतःला कमी लेखत नाही, समोरच्याचं मतही खोटं पाडतो, हे मला फार उशिरा कळलं.

असं का होतं, याबद्दल मग वाचत गेले. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली कर्तबगार स्त्रियांविषयी लिहिलं होतं. उत्तम यश मिळवूनही या स्त्रियांना वाटायचं, की हे नशिबानं झालं, लोकांचा आपल्याबद्दल गैरसमज आहे आणि एक दिवस आपलं पितळ उघडं पडणार. पुढे हा अनुभव पुरुषांमध्येही दिसून आला. मनात अशी भीती असली की कौतुक ऐकून सुख होत नाही, उलट धास्ती वाढते: आता पुढच्या वेळीही एवढंच चांगलं करून दाखवावं लागणार! तुमच्या अवघडण्यामागे हे असू शकेल. लहानपणापासून 'आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये' हे ऐकलेलं असतं, तेही असेल. पण दुसऱ्याने केलेली स्तुती शांतपणे ऐकून घेणं म्हणजे आत्मस्तुती नव्हे.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो एका प्रयोगाचा. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ डेनिस मॅरिगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये तो प्रसिद्ध केला. स्वतःबद्दल फारसं बरं मत नसलेल्या लोकांना त्यांनी जोडीदाराने केलेलं कौतुक आठवायला सांगितलं. नुसतं आठवून फारसा फरक पडला नाही. पण जोडीदाराला ते का वाटलं असेल आणि आपल्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, हे ज्यांनी लिहिलं, त्यांना ते कौतुक खरं वाटू लागलं. दोन आठवड्यांनंतरही तो परिणाम टिकून होता.

म्हणून मी एक वही केली. कुणी काही चांगलं म्हटलं की त्याचे नेमके शब्द उतरवते आणि खाली लिहिते: हे त्यांना कशावरून वाटलं असेल? सुरुवातीला हात अडायचा. 'उगीच म्हणाले असतील' एवढंच सुचायचं. आठवडाभराने 'परिशिष्टातली नावं मी मूळ कागदांशी ताडून पाहिली होती, ते त्यांच्या लक्षात आलं असावं' असं लिहिता येऊ लागलं. हे वाक्य खोडून टाकण्यासारखं नव्हतं, कारण ते काम मी खरोखर केलं होतं.

बोलताना मी 'धन्यवाद' म्हणते आणि थांबते. तो थांबण्याचा क्षण फार जड जातो, लगेच 'पण' यायला बघतो. तो आवरत नसेल तर कामाबद्दलचं एक खरं वाक्य जोडावं, म्हणजे बोलायला काहीतरी मिळतं आणि खोटंही बोलावं लागत नाही. अर्थात प्रत्येक स्तुती मनाला लावून घ्यायची गरज नाही. काम काढून घेण्यासाठी केलेली स्तुती ओळखू येते. तिला नुसतं 'धन्यवाद' पुरे.

स्वतःचं यश साजरं करण्याबद्दल थोडंसंच सांगते. पूर्वी मी एक पुस्तक हातावेगळं केलं की त्याच दिवशी पुढचं बाड उघडायची. आता अर्धा दिवस मोकळा ठेवते. संपलेलं काम पुन्हा चाळते, पण पेन्सिल हातात न घेता. आणि ज्याला मनापासून आनंद होईल अशा एकाच माणसाला सांगते. चांगली बातमी अशी वाटून घेतली की तिचा आनंद वाढतो, असं मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांच्या 2004 च्या संशोधनातही आढळलं आहे.

तुमचं मन सतत खिन्न असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर मात्र वहीवर विसंबू नका, समुपदेशकाशी बोला.

त्या लेखिकेचं दुसरं पुस्तकही माझ्याकडेच आलं. छापून आल्यावर पुन्हा फोन आला, पुन्हा तेच शब्द. मी म्हटलं, "धन्यवाद. नवव्या प्रकरणावर मी तीन दिवस बसले होते." त्या म्हणाल्या, "कुठे अडलं होतं?" मग त्या प्रकरणावर आम्ही अर्धा तास बोलत राहिलो.