४० डाइव्ह झाल्या आहेत, श्रीलंकेतल्या एचएमएस हर्मीसवर उतरू का?

तुम्ही लिहिलंय की तारकर्ली आणि अंदमान मिळून ४० डाइव्ह झाल्या, ॲडव्हान्स्ड डायव्हिंगचं कार्ड आहे, आणि आता श्रीलंकेत बट्टिकलोआला जाऊन समुद्रात बुडालेली हर्मीस बघायची आहे, जमलं तर आत शिरून. एवढ्यात जाऊ नका. आणि आत तर नकोच. मी दोनदा उतरलोय, पहिल्यांदा साधारण तुमच्याच तयारीने, म्हणून कळकळीने सांगतोय.

९ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी ही ब्रिटिश बोट बुडवली. विमानवाहू बोट, पण त्या दिवशी तिच्यावर एकही विमान नव्हतं. ३०७ माणसं गेली. याच नावाची पुढची बोट १९८७ मध्ये आपल्याकडे येऊन ‘विराट’ झाली. मांडव्याला जाताना लाँचमधून मी तिला शोधत बसायचो, त्यामुळे हे नाव मला लहानपणापासून जवळचं.

आज हर्मीस ५३ मीटरवर डाव्या कुशीवर पडून आहे. १८० मीटरहून लांब, आणि बरीचशी अखंड. तिचा सगळ्यात वरचा भागच चाळीस मीटरच्या खाली लागतो. तुमच्या कार्डाची हद्द ३० मीटर, म्हणजे ती संपून आणखी दहा मीटर खाली गेल्यावर बोट सुरू होते.

पहिल्यांदा मी साध्या हवेवर, एका सिलिंडरने गेलो. नेणाऱ्यांनी अडवलं नाही आणि मीही विचारलं नाही. पन्नास मीटरच्या आसपास सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारा गेज बघितला, ११० बार. परत बघितला. तिसऱ्यांदा बघितला. आकडा स्वच्छ वाचता येत होता, पण त्याचं काय करायचं ते सुचत नव्हतं. भीती मुळीच वाटत नव्हती, उलट फार छान वाटत होतं. समोर एक उघडं दार होतं, आत निळसर अंधार, आणि मी तिकडे निघालोही होतो. सोबत्याने फिन धरून मागे ओढलं. खोलवर हवेतल्या नायट्रोजनची नशा चढते ती अशी, चढलीय हे कळत नाही.

हिशेब करून बघा. वर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल, तर ५३ मीटरवर दाब ६.३ पट, म्हणजे १२६ लिटर. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला २४०० लिटर. एकोणीस मिनिटांत शून्य, आणि यात वर येणं धरलेलंच नाही. सोबत्याची हवा संपली तर त्याला द्यायला काय उरतं?

दोन वर्षांनी परत गेलो, मधल्या काळात डेको (थांबे घेत वर येणं) आणि ट्रायमिक्सचं (ऑक्सिजन, हेलियम, नायट्रोजनचं मिश्रण) शिक्षण घेऊन. पाठीवर १२ लिटरची जोडी, त्यात २१ टक्के ऑक्सिजन आणि ३५ टक्के हेलियम. डोक्याला ते साधारण ३१ मीटरवर साधी हवा घेतल्यासारखं वाटतं. शिवाय मिश्रण हलकं, त्यामुळे श्वास ओढावा लागत नाही. वर येताना २१ मीटरवर पन्नास टक्के ऑक्सिजन, ६ मीटरवर शुद्ध. तळाशी वीस मिनिटं, पण पाण्यातला एकूण वेळ जवळजवळ तासभर.

तेच दार पुन्हा दिसलं. डोकं ताळ्यावर असल्यामुळे या वेळी कळलं की बोट कुशीवर आहे, म्हणजे ते दार नाहीच, विहिरीचं तोंड आहे. आतल्या भिंती जमीन झालेल्या, जमिनी भिंती झालेल्या, जिने आडवे. अखंड बोटीचा धोका हाच, ती घरासारखी बोलावते. मी बाहेरूनच टॉर्च मारला. माझे बुडबुडे वरच्या पत्र्याला लागले आणि गंजाचे कपटे पावसासारखे खाली आले, दहा-बारा सेकंदांत टॉर्चचा झोत तांबडा झाला. आत असतो तर परतीची वाट दोरीशिवाय सापडली नसती. बाहेर मात्र तोफा आहेत, पोवळ्यांनी मढलेल्या, भोवती माशांचे थवे. वीस मिनिटांत तेवढंही पुरं होत नाही.

जाल तेव्हा सगळ्यात जवळचं रिकम्प्रेशन चेंबर (डायव्हिंगच्या आजारावर उपचाराची दाबाची खोली) कुठे आहे आणि ते चालू आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे जा. खालचं काहीही उचलू नका, ती माणसांची शेवटची जागा आहे.

तोवर त्याच दिवशी बुडालेलं ‘ब्रिटिश सार्जंट’ हे तेलवाहू जहाज बघा. ते त्याच किनाऱ्यावर साधारण २४ मीटरवर आहे, तुमच्या कार्डात बसतं. आपल्याकडे पावसाळ्यात तारकर्ली बंद असते, तेव्हा तिथला समुद्र बहुधा शांत असतो.