बार्मब्रॅकमधली अंगठी आणि लिसमधलं सोनं

ताई, तुमच्या मुलीला डब्लिनच्या ऑफिसात ३१ ऑक्टोबरला केकच्या तुकड्यात अंगठी मिळाली आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, तर घाबरू नका, कुणी मागणी घातलेली नाही :) तो बार्मब्रॅक, आयर्लंडमध्ये हॅलोवीनला (३१ ऑक्टोबरच्या रात्री) खातात तो. मनुका घातलेला, केकपेक्षा पावाच्या जवळचा, आणि अंगठी ज्याच्या वाट्याला येईल त्याचं वर्षाच्या आत लग्न. आता दुकानातल्यात अंगठीच असते, तीही खेळण्यातली वाटावी अशी, पूर्वी घरी करायचे तेव्हा नाणं (पैसा), चिंधी (गरिबी), वाटाणा (यंदा लग्न नाही) असं बरंच काही असायचं आणि एक काडी, म्हणजे नवरा मारकुटा निघणार!

हॅलोवीनला लग्नाचं भविष्य बघायचे बाकीचे प्रकार पण भारी आहेत. चुलीत दोन हेझलनट ठेवायचे, एक तिच्या नावाचा एक त्याच्या, शेजारी शेजारी शांत जळले तर संसार नीट, एक तडकन उडाला की बोंबला. डोळे बांधून हाताला येईल तो कोबी उपटायचा, दांडा वाकडा तर नवरा वाकडा, मुळाला माती जास्त तर पैसेवाला. आणि तीन बशा, डोळे बांधलेले, एकीत अंगठी, एकीत पाणी, एकीत माती. पाण्यात हात गेला तर परदेश, मातीत गेला तर मरण. १८४५ च्या दुष्काळानंतर बोटी भरभरून लोक अमेरिकेला गेले त्या देशात ही पाण्याची बशी नुसती गंमत नसणार, मला तर वाचतानाच कसंतरी होतं. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, लग्नं लागायची नाहीत, आपल्या चातुर्मासासारखं, त्यामुळे बहुतेक लग्नं त्याच्या आधीच उरकायची आणि हॅलोवीनला पोरींच्या डोक्यात दुसरं काय असणार.

आता तुम्ही विचारलेल्या गुप्तधनाचं. मुलीच्या मैत्रिणीच्या गावी शेतात जो गोल मातीचा बांध आहे तो लिस, हजारेक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याच्या वाडीचं कुंपण. गावकरी म्हणतात डेन लोकांनी (म्हणजे व्हायकिंगांनी) तिथे सोनं पुरलं. सलग तीन रात्री तेच स्वप्न पडलं तर मध्यरात्री जाऊन खणायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही, राखणीला काळा बैल नाहीतर मांजर, किंवा त्याच कामासाठी मारून पुरलेल्या माणसाचं भूत. मग कुणीतरी घाबरून ओरडतोच आणि हंडा गायब. १९३७ ते ३९ मध्ये शाळेतल्या पोरांकडून म्हाताऱ्यांच्या गोष्टी लिहून घेतल्या होत्या, साधारण ५० हजार मुलं होती, त्यात गुप्तधन हा वेगळा विषयच होता. त्या वह्या आता ऑनलाइन आहेत, मी रात्र रात्र वाचल्यात, बहुतेक गोष्टींत सोनं जिथल्या तिथे राहतं. लिसमध्ये पऱ्या राहतात या भीतीने बऱ्याच लोकांनी त्यांना कुदळ लावली नाही, म्हणून हजारोंनी टिकलेत.

सापडलं कुणाला विचाराल तर आर्डाचा चषक. लिमरिक काउंटीत १८६८ साली दोन पोरं अशाच एका लिसमध्ये बटाटे खणत होती, ना स्वप्न ना भूत, आणि हाताला आठव्या शतकातला चांदीचा चषक लागला. डब्लिनच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे, मुलीला दाखवायला सांगा. आणि हो, मेटल डिटेक्टर (जमिनीतला धातू शोधायचं यंत्र) असेल तर घरीच ठेवा म्हणावं, सरकारी परवानगीशिवाय त्याने जुन्या वस्तू शोधणं तिथे गुन्हा आहे.