हॉकवुडच्या फौजेतला इंग्रज शिपाई: पगारी की लुटारू?

फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलमधलं जॉन हॉकवुड या चौदाव्या शतकातल्या इंग्रज सरदाराचं भित्तिचित्र पाहून तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. हे इंग्रज इटलीत पगारी सैनिक होते की लुटारू, आणि त्यातला साधा माणूस जगायचा कसा? पहिल्याचं उत्तर तारखेवर अवलंबून आहे. करार चालू असेपर्यंत फौज. मुदत संपली, नवा धनी मिळाला नाही, की तीच माणसं, तेच घोडे, तोच सरदार आणि टोळी.

ही मंडळी आली बेकारीतून. १३६० साली ब्रेतिन्यीच्या तहाने इंग्लंड-फ्रान्सचं युद्ध थांबलं आणि हजारो शिपाई मोकळे झाले. त्याच डिसेंबरात त्यांतल्या काहींनी दक्षिण फ्रान्समधल्या आविन्योंजवळचं पों-सेंत-एस्प्री हे गाव घेतलं. तेव्हा पोप आविन्योंलाच राहायचे, त्यामुळे ही बला आल्प्सपलीकडे धाडण्यात त्यांचा फायदाच होता. १३६१ मध्ये ही 'व्हाइट कंपनी' वायव्य इटलीतल्या मोंफेर्रातच्या मार्क्विसच्या (सरंजामदाराच्या) चाकरीत मिलानच्या सत्ताधारी व्हिस्कोंती घराण्याविरुद्ध उतरली. तिचा पहिला म्होरक्या आल्बेर्ट श्टेर्त्स जर्मन होता. एसेक्सचा हॉकवुड वर आला तो पिसाच्या चाकरीत, १३६३-६४ च्या सुमारास.

'लान्स' हा शब्द वाचताना जपा. तो भाल्यासाठी आहेच, पण हिशेबात लान्स म्हणजे तिघांची तुकडी: चिलखती योद्धा, त्याचा हलक्या शस्त्रांचा जोडीदार आणि एक पोऱ्या. प्रवास घोड्यावर, लढाई पायी. पोऱ्या घोडे धरून मागे थांबायचा, पुढचे दोघे मिळून एकच जड भाला पेलत एकमेकांना चिकटून चालायचे. शत्रू पळाला की पोऱ्याने घोडे पुढे आणायचे आणि पाठलाग सुरू. सोबत यू झाडाच्या लांब धनुष्यांचे तिरंदाज. इटालियनांना धक्का मात्र दोन वेगळ्याच गोष्टींचा बसला. हे लोक ऐन हिवाळ्यात आणि रात्री चाल करत, आणि त्यांच्या शिड्या तुकड्यातुकड्यांच्या असत. तीन-तीन पायऱ्यांचा तुकडा दुसऱ्यात बसवायचा आणि तटाच्या उंचीएवढी शिडी उभी करायची.

आता करार, म्हणजे 'कोंदोत्ता'. शिपायाचं आयुष्य खरं तर याच कागदावर चालायचं. त्यात मुदतीचे दोन भाग असत: काही महिने पक्के, पुढचे धन्याच्या मर्जीवर. पगार लान्समागे, महिन्याच्या हिशेबाने. सुरुवातीला उचल मिळे आणि ती पुढच्या पगारातून कापली जाई. नवखा इथेच अडकायचा. उचल घोड्यात आणि चिलखतात संपायची, पगार रखडायचा, मग तेच चिलखत सावकाराकडे गहाण.

शहराचे कारकून हजेरी घेत. प्रत्येक घोड्याचा रंग, खुणा आणि किंमत लिहून डाग दिला जाई, म्हणजे एकच घोडा दोनदा दाखवता येऊ नये. मुघलांची दाग-चेहऱ्याची पद्धत ठाऊक असेल तर हे ओळखीचं वाटेल. गैरहजेरीला दंड. नोंदलेला घोडा कामी आला तर भरपाई मिळे, पण ती ठरवण्यावरून भांडणं फार. घोडा आपल्या शिलेदारासारखा स्वतःचा, त्यामुळे भरपाई लांबली की माणूस पायउतार. लुटीतला जंगम माल शिपायांचा, गावं नि किल्ले धन्याचे, अशी साधारण वाटणी.

रणात घात व्हायचा तो बहुतेक अंतराच्या अंदाजात. २८ जुलै १३६४, पिसाजवळचं काशिना. फ्लोरेन्सचे शिपाई उकाड्याने हैराण होऊन आर्नो नदीत डुंबत होते. हॉकवुडने ऊन शत्रूच्या डोळ्यांवर येईपर्यंत वाट पाहिली, डाव उत्तम होता. पण पोलादी चिलखतात, जुलैच्या उन्हात, पायी बरंच अंतर तोडून छावणी गाठेपर्यंत माणसंच गळाली, आणि पिसा हरलं. २३ वर्षांनी, ११ मार्च १३८७ ला कास्तान्यारोला पादुआसाठी लढताना त्याने उलटं केलं. स्वतः चालून गेला नाही. चराच्या मागे पायी उभा राहिला, व्हेरोनावाल्यांना चर बुजवत दमू दिलं आणि मग राखीव घोडदळ वळसा घालून त्यांच्या बगलेवर सोडलं. माझ्या मते त्याची खरी करामत हीच. धनुष्याचं कौतुक जरा जास्तच होतं.

पण पैसा लढाईपेक्षा न लढण्यात होता. १३७५ मध्ये पाच वर्षं आमच्या वाटेला जाऊ नका म्हणून फ्लोरेन्सने १,३०,००० फ्लोरिन, म्हणजे आपली सोन्याची नाणी, मोजली. एका फ्लोरिनमध्ये साधारण साडेतीन ग्रॅम सोनं, म्हणजे साडेचारशे किलोंच्या वर. वर हॉकवुडला वर्षाला १,२०० फ्लोरिनची तहहयात नेमणूक. त्याच उन्हाळ्यात पिसा, लुक्का, सिएना, आरेत्सो यांच्याकडूनही खंडणी वसूल झाली. शेतकऱ्याची मात्र या हिशेबात कुठेच नोंद नाही. उभं पीक जाळणं आणि गुरं हाकून नेणं हेच वसुलीचं साधन होतं.

याची दुसरी बाजू म्हणजे थकबाकी. पोपकडे पैसे तुंबले तेव्हा त्यांनी हॉकवुडला पगाराऐवजी बान्याकावाल्लो आणि कोतिन्योला ही गावं लावून दिली. शिपायाला गाव मिळत नसे, तो ती तूट लुटीतून भरून काढायचा. फेब्रुवारी १३७७ मध्ये चेझेना शहरात पोपच्या ब्रेतन (फ्रान्समधल्या ब्रिटनी भागातल्या) शिपायांचं गावकऱ्यांशी वाजलं. पोपचा प्रतिनिधी कार्डिनल रॉबर्टने हॉकवुडच्या इंग्रजांना बोलावून घेतलं आणि काही हजार नागरिक मारले गेले. इथे करार चालू होता, हे ध्यानात ठेवा. 'करारात असताना शिस्त, करार संपल्यावर लूट' ही माझी वरची मांडणी इथे तोकडी पडते.

म्हातारपणी हॉकवुड जमीनजुमला विकून इंग्लंडला परतायच्या तयारीत होता, पण मार्च १३९४ मध्ये फ्लोरेन्सलाच वारला. तुम्ही पाहिलेलं चित्र पाओलो उच्चेल्लोचं, १४३६ चं. ते ब्राँझच्या पुतळ्यासारखं हिरवट दिसतं खरं, पण शहराने आधी कबूल केली होती संगमरवरी समाधी. तीही थकबाकीच म्हणायची.