३५ जणांच्या ऑफिससाठी टॉवर, रॅक की ब्लेड सर्व्हर?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात ३५ माणसं आहेत, हिशेबाचं सॉफ्टवेअर, सगळ्यांच्या फाइल्स आणि लॉगिन हे सगळं एकाच जुन्या सर्व्हरवर चालतं. आता दोन नवे घ्यायचेत आणि विक्रेता ब्लेडच घ्या म्हणतोय. ब्लेड घेऊ नका. सर्व्हर बसवणं आणि सांभाळणं हेच माझं काम आहे, आणि एवढ्या कामाला ब्लेडची गरज पडलेली मी एकदाही पाहिलेली नाही.

ब्लेड म्हणजे पातळ पाटीसारखा सर्व्हर, पण ते एकटं चालत नाही. ते एका चॅसीत, म्हणजे सगळ्या ब्लेडच्या सामायिक पेटीत, खोचावं लागतं. वीज, हवा, नेटवर्क सगळं त्या चॅसीतून मिळतं. एचपीची सी७००० ही चॅसी १० यू (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप) उंच, तिच्यात अर्ध्या उंचीची १६ ब्लेड बसतात. सोळाच्या सोळा भरलीत तर जागा आणि केबल दोन्ही वाचतात. दोनच लावलीत तर १४ रिकाम्या कप्प्यांचाही खर्च तुमच्याच माथी. शिवाय एका कंपनीच्या चॅसीत दुसऱ्या कंपनीचं ब्लेड बसत नाही, म्हणजे पुढच्या प्रत्येक खरेदीला तुम्ही तिथेच बांधलेले. आणि आता व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालवलेले अनेक वेगळे सर्व्हर, आल्यामुळे दोन प्रोसेसरचा एक साधा सर्व्हर पूर्वीच्या दहाबारा सर्व्हरांचं काम आरामात ओढतो. एकदम डझनभर सर्व्हर लागणार असतील आणि नीट डेटा सेंटर असेल, तर ब्लेडचा विचार जरूर करावा.

राहिले टॉवर, म्हणजे पीसीच्या डब्यासारखा उभा सर्व्हर, आणि रॅक, म्हणजे लोखंडी कपाटात आडवा बसवायचा चपटा सर्व्हर. इथे खरा प्रश्न सर्व्हर कुठे ठेवणार हा आहे, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही.

चपटा रॅक सर्व्हर १ यूचा असतो, म्हणजे ४४.४५ मिमी उंच. एवढ्याशा जागेत ४० मिमीचेच पंखे मावतात, आणि इवल्या पंख्यांनी पुरेशी हवा ओढायची तर ते मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेतात. एका ऑफिसात असा सर्व्हर अकाउंट्सच्या टेबलामागे ठेवला होता. तिथल्या बाई फोन आला की उठून बाहेर जायच्या. तीन आठवड्यांत तो हलवावा लागला. टॉवरचे पंखे मोठे असतात, सावकाश फिरतात. माणसं बसतात त्या खोलीत टॉवरच ठेवावा.

रॅक सर्व्हर घ्यायचाच असेल तर ज्या कपाटात (त्यालाही रॅकच म्हणतात) तो बसवणार ते आत किती खोल आहे ते मोजा. भिंतीवरचे नेटवर्क रॅक बहुतेक ४५० ते ६०० मिमी खोल असतात, बरेच सर्व्हर ७०० मिमीच्या पुढे जातात. रुंदी दोन्हीकडे १९ इंचच, त्यामुळे कागदावर सगळं जुळलेलं दिसतं. सुरुवातीच्या दिवसांत मी स्वतः इथे फसलोय. सर्व्हर सरकवायच्या पट्ट्या, म्हणजे रेल, लावून झाले, सर्व्हर आत सरकवला, आणि तो वीतभर बाहेरच राहिला. दार लागेना. शेवटी नवा रॅक येईपर्यंत तो सर्व्हर टेबलावर पडून होता.

तुमच्या जागी मी एकसारखे दोन टॉवर घेईन, म्हणजे एक बंद पडला तर दुसऱ्यावर काम उचलता येतं. दोघांनाही दोन-दोन पॉवर सप्लाय, आणि ते वेगवेगळ्या यूपीएसवर. काही टॉवर पुढे रेलचं किट लावून रॅकमध्ये आडवे बसवता येतात, ते आधीच विचारून घ्या. बॅकअप मात्र वेगळा हवाच. रेड (एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहावं म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडणं) आहे म्हणून बॅकअप नको असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. चुकून पुसलेली फाइल रेड परत आणून देत नाही.

स्वतंत्र खोली असेल आणि सर्व्हर तीनच्या पुढे जाणार असतील, तर रॅक सर्व्हर घ्या, पण २ यूचा. पंखे जरा मोठे मिळतात आणि डिस्कना जागा राहते.

उष्णतेचंही बघा. सर्व्हर जेवढी वीज खातो तेवढी उष्णता बाहेर टाकतो: १००० वॉट म्हणजे तासाला ३,४१२ बीटीयू (उष्णतेचं माप), आणि एक टनाचा एसी तासाला १२,००० बीटीयू ओढतो. दिवसा अडचण येत नाही, रात्री ऑफिसचा एसी बंद झाला की येते. एका सुट्टीच्या दिवशी, आताचा सर्व्हर चालू ठेवून, तिथे थर्मामीटर ठेवा. पारा २७ अंशांच्या वर जात असेल तर नव्या सर्व्हरआधी एसीची सोय करा. ते तापमान आणि जागेची मापं इथे टाकलीत, तर कॉन्फिगरेशन ठरवायला मी मदत करेन.