मुख्य कीवर्ड किती, कोणते आणि कोणत्या कसोटीवर? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

व्यवसायाच्या संकेतस्थळावर किंवा यूट्यूबवर कशाविषयी लिहायचे आणि बोलायचे, याची दिशा ठरवणारे मुख्य कीवर्ड (लोक गूगलसारख्या शोधयंत्रात जे शब्द टाकून शोधतात, त्यांपैकी आपण मध्यवर्ती मानलेले) कसे निवडावेत, याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी पाच या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या कुटुंबाचा कोल्हापुरी चपला तयार करण्याचा व्यवसाय असून आता ऑनलाइन विक्रीही सुरू केली आहे. जाहिरातीचे काम पाहणाऱ्या संस्थेने साडेतीनशे कीवर्डची यादी दिली आहे आणि प्रत्येकावर एकेक लेख लिहावा, असे तिचे म्हणणे आहे. यातून मुख्य कीवर्ड कसे निवडावेत? (कोल्हापूर)

उत्तर : ही यादी केवळ कच्चा माल समजावी. आपल्या आकाराच्या व्यवसायाला चार ते सहा मुख्य कीवर्ड पुष्कळ झाले. उरलेल्यांपैकी जे उपयोगी असतील ते या चार-सहांच्या हाताखाली लावावेत आणि बाकीचे बिनदिक्कत सोडून द्यावेत. निवडताना प्रत्येक शब्दाबाबत तीन गोष्टी तपासाव्यात : तो शोधणाऱ्या माणसाला आपण काही विकू शकतो का, त्या विक्रीत आपल्याला पुरेसे सुटते का, आणि त्या विषयावर इतरांपेक्षा अधिक खात्रीने सांगण्यासारखे आपल्याजवळ काही आहे का. तो शब्द किती लोक शोधतात, हे त्यानंतर पाहावे. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा लावला जातो आणि माझ्या मते पैसा वाया जातो तो तिथेच.

आपल्या यादीत ‘लेडीज चप्पल’ हा शब्द नक्की असणार. तो पहिल्याच तपासणीत गळतो, कारण शोधणाऱ्याला घरात घालायची रबरी स्लीपर हवी आहे की लग्नात मिरवायची सँडल, हे त्यावरून कळत नाही आणि निकालांचे पहिले पान ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मिंत्रा अशा कंपन्यांनी व्यापलेले असते. ‘कोल्हापुरी चप्पल’ हा शब्द अर्थातच हवा; मात्र तेवढ्यावर थांबू नये. ‘कापशी चप्पल’, ‘लग्नासाठी कोल्हापुरी’, ‘अस्सल कोल्हापुरी कशी ओळखावी’ आणि ‘कोल्हापुरी चपलेची निगा’ हे शब्द मोठ्या बाजारपेठांपेक्षा आपल्याला अधिक शोभतात. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे पावसात भिजले तर कसे वाळवावे, नवी चप्पल चावते तेव्हा तेल कुठे आणि किती लावावे, शिवण हाताची आहे हे कसे पाहावे, या प्रश्नांची उत्तरे ज्याच्या हाताला ते काम माहीत आहे, तोच नीट देऊ शकतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे जिल्हे येतात, हेही ग्राहकाला ठाऊक नसते. अस्सलपणाविषयीच्या लेखात ते आवर्जून यावे.

बातमीच्या ओघात आलेल्या शब्दांपासून मात्र सावध राहावे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधील प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या सँडल दिसल्या आणि काही काळ सगळीकडे तोच विषय होता. अशा वेळी एखादा लेख जरूर लिहावा, पण तो शब्द मुख्य यादीत घेऊ नये. वाद वाचायला आलेला माणूस सहसा चप्पल घ्यायला आलेला नसतो. त्यापेक्षा फोनवर आणि व्हॉट्सॲपवर गिऱ्हाईक जे विचारते, ते त्याच्याच शब्दांत महिनाभर वहीत उतरवून ठेवावे आणि ती वही संस्थेच्या यादीशेजारी ठेवून मगच काटछाट करावी.

प्रश्न : मी कर सल्लागार आहे. गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये माझ्या कामाचे बहुतेक शब्द महिन्याला ‘१० ते १००’ वेळाच शोधले जातात, असे दिसते. इतक्या कमी मागणीचे शब्द मुख्य मानावेत का? (नाशिक)

उत्तर : मानावेत, मात्र तो आकडा काय सांगतो, हे आधी समजून घ्यावे. कीवर्ड प्लॅनर जाहिरातदारांसाठी बनवलेले साधन आहे. ज्या खात्यातून जाहिरातीवर फारसा खर्च होत नाही, त्याला ते नेमका आकडा न देता असा ढोबळ पल्ला दाखवते, आणि त्या पल्ल्याच्या दोन टोकांत दहापटींचा फरक असतो. शिवाय जवळच्या अर्थाचे शब्द ते अनेकदा एकत्र मोजते. गूगलच्याच सांगण्यानुसार रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध पूर्वी कधीही न झालेले असतात. अशा शोधांचा आकडा कोणतेही साधन आधी दाखवू शकत नाही.

आपल्या व्यवसायात तर संख्येपेक्षा शोधणाऱ्याची निकड मोलाची आहे. ‘जीएसटी म्हणजे काय’ हे शोधणाऱ्यांत विद्यार्थी, स्पर्धापरीक्षांचे उमेदवार आणि नुसते कुतूहल असलेले लोक यांची गर्दी असते. ‘एएसएमटी-१० नोटिशीला उत्तर’ असे शोधणाऱ्याच्या हातात मात्र जीएसटी विवरणपत्रातील विसंगतीविषयीची नोटीस असते आणि मुदत चालू झालेली असते. असे महिन्याला वीसच लोक असले आणि त्यांतला एक जण आपला अशील झाला, तरी तो पुढे दर वर्षी आपल्याकडे येण्याची शक्यता बरीच असते. प्लॅनरमध्ये जाहिरातीच्या बोलीची, म्हणजे त्या शब्दावर जाहिरात दिसावी म्हणून जाहिरातदार देऊ करतात ती रक्कमही दिसते. शोध कमी असूनही बोली चढी असेल, तर त्या शब्दातून इतरांना काम मिळते आहे असे समजायला हरकत नाही. आपले संकेतस्थळ काही महिने जुने असेल, तर सर्च कन्सोल या संकेतस्थळाच्या मालकांसाठी असलेल्या गूगलच्या साधनात मागील १६ महिन्यांपर्यंतचे शोध पाहता येतात आणि ते प्लॅनरपेक्षा अधिक विश्वसनीय असतात, कारण ते आपल्याच पानांविषयीचे असतात. (आपण सनदी लेखापाल असाल, तर आपल्या संस्थेच्या आचारसंहितेतील प्रसिद्धीविषयक बंधने पाहूनच मजकूर तयार करावा.)

प्रश्न : लेखात मुख्य कीवर्ड किती टक्के असावा? पानाच्या कोडमधल्या, वाचकाला न दिसणाऱ्या मेटा कीवर्डच्या रकान्यात सगळे शब्द भरावेत का? (लातूर)

उत्तर : अशी कोणतीही टक्केवारी नाही. शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात तो शब्द यावा, पुढे विषयाच्या ओघात येईल तेवढा पुरे. मुद्दाम कोंबलेले शब्द गूगलच्या नियमांनुसार स्पॅम ठरतात. क्रमवारी लावताना आपण मेटा कीवर्ड विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. तो रकाना रिकामा सोडावा.

प्रश्न : आमची हापूसची बाग आहे आणि आम्ही थेट ग्राहकांना पेट्या पाठवतो. आंब्याचे शोध तीन-चार महिनेच चालतात. मग मुख्य कीवर्ड हंगामी असले तरी चालतील का, आणि उरलेले वर्ष कशावर लिहावे? (देवगड)

उत्तर : माल हंगामी असेल, तर कीवर्डही हंगामी असणारच. गूगल ट्रेंड्स या शोधांचा चढउतार दाखवणाऱ्या साधनात ‘देवगड हापूस’ या शब्दाचा पाच वर्षांचा आलेख काढून शोध कोणत्या आठवड्यात चढू लागतात, ते पाहावे. तेथील ० ते १०० हे आकडे प्रत्यक्ष शोधांची संख्या नसून सापेक्ष प्रमाण आहे, एवढे ध्यानात ठेवावे. पाने जानेवारीतच तयार असावीत, कारण नवे पान निकालांत वर यायला वेळ लागतो. दर वर्षी त्या सालाचे नाव घालून नवे पान काढण्याची चूक पुष्कळ बागायतदार करतात आणि मागच्या वर्षी मिळवलेले स्थान स्वतःच घालवतात. पानाचा पत्ता कायम ठेवून दर आणि तारखा तेवढ्या बदलाव्यात.

दुसरा मुख्य कीवर्ड ग्राहकाच्या संशयातून घ्यावा. पेटीवर देवगड लिहिलेले असले, तरी आत कर्नाटकचा आंबा तर नाही ना, आणि तो कार्बाइडने तर पिकवलेला नाही ना, हे दोन प्रश्न मुंबई-पुण्याच्या प्रत्येक घरात विचारले जातात. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास देशात बंदी आहे, ठरावीक मर्यादेत इथिलीन वायूला परवानगी आहे, आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ही माहिती देऊन आपण आंबा कसा पिकवता, ते अढीच्या छायाचित्रांसह दाखवावे. पावसाळ्यात विकायला आंबापोळी, आमरस किंवा कोकम असेल तर त्यावर लिहावे. नसेल तर गप्प राहिलेले चालते. केवळ सातत्याच्या हट्टापायी ‘आंबा खाण्याचे फायदे’ छापणाऱ्यांत आपली भर नको.

प्रश्न : आम्ही दिवाळीचा फराळ अमेरिका आणि इंग्लंडमध्ये पाठवतो. कीवर्ड मराठीत घ्यावेत, इंग्रजीत की रोमन लिपीतल्या मराठीत? (पुणे)

उत्तर : आधी प्लॅनर आणि ट्रेंड्स या दोन्हींत देश बदलावा, भारत हा देश ठेवून काढलेले आकडे आपल्या उपयोगाचे नाहीत. न्यू जर्सी किंवा लंडनहून शोधणारा मुलगा बहुधा रोमन लिपीत टंकतो आणि पुण्यातून मुलासाठी डबा पाठवणारी आई मराठीत टंकते किंवा फोनवर बोलून शोधते. हे दोन वेगळे ग्राहक आहेत. मुलाला घरपोच कधी मिळेल हे हवे असते, तर आईला घरी केलेल्या चकल्या-अनारसे पाठवता येतील का, हे विचारायचे असते. म्हणून इंग्रजी आणि मराठी अशी दोन पाने अवश्य करावीत. मात्र एकाच शब्दाच्या रोमन लिपीतील चार स्पेलिंगसाठी चार पाने करू नयेत; ती एकमेकांच्याच आड येतात आणि शोधयंत्राला ही स्पेलिंगे बहुधा ओळखता येतात.

मुख्य कीवर्डमध्ये सीमाशुल्काचा विषय असावा, असा माझा आग्रह राहील. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस सर्व देशांसाठी थांबवली. असा प्रश्न एका रात्रीत उभा राहतो आणि साधनांच्या आकड्यांत तो उमटेपर्यंत दिवाळी निघून जाते, पण आपल्या फोनवर तो दुसऱ्याच दिवशी विचारला जातो. पार्सल कोणत्या तारखेपर्यंत द्यावे, शुल्क कोण भरणार आणि कोणते पदार्थ त्या देशात चालत नाहीत, याचे एकच पान करून ते नियम बदलतील तसे त्याच दिवशी दुरुस्त करत जावे.