माणसाच्या आणि कुत्र्याच्या प्रोस्टेट कॅन्सरमागची जनुकं एकच असतात का?

तुमच्या वडिलांचा प्रोस्टेट कॅन्सर हार्मोन थांबवणाऱ्या इंजेक्शनांनी आटोक्यात आला, आणि आता १० वर्षांच्या कुत्र्याला तोच निघाला. त्याची तर नसबंदी लहानपणीच झालेली, मग झाला कसा? पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधल्या एका प्रथिनाची रक्तातली तपासणी, करून घ्यावी का? मी प्राण्यांच्या गाठी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. माझ्या मते अवयव एक असला तरी आजार बराच वेगळा आहे.

पुरुषांमधला हा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसतो. वृषणं काढली की तो माघार घेतो हे शल्यचिकित्सक चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं, त्यांना १९६६ चं नोबेलही मिळालं. गंमत अशी, की त्याआधी ते कुत्र्यांच्याच प्रोस्टेटचा अभ्यास करत होते! वयानुसार फुगलेली ग्रंथी नसबंदीनंतर कुत्र्यातही आकसते. कॅन्सर मात्र दाद देत नाही, कारण त्याच्या पेशींत अँड्रोजेन रिसेप्टर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी हार्मोनचा (अँड्रोजेनचा) संदेश पकडणारं प्रथिन, बहुतेकदा नसतोच. उलट नसबंदी झालेल्या नरांमध्ये हा कॅन्सर जास्त दिसतो. म्हणून स्वतःला बोल लावू नका, एकूण कुत्र्यांमध्ये तो दुर्मीळच आहे.

आता जनुकं. पुरुषांच्या जवळजवळ निम्म्या गाठींत टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी ही दोन जनुकं तुटून एकमेकांना जोडली गेलेली असतात. पहिलं अँड्रोजेनच्या हुकमावर चालतं, त्यामुळे त्याला चिकटलेलं दुसरंही त्याच तालावर नाचतं. कुत्र्यांत हा जोड आढळलेला नाही.

त्यांच्यात खलनायक निराळा: बीआरएएफ. या जनुकात एका ठिकाणी डीएनएची जीटीजी ही तीन अक्षरं असायला हवीत तिथे जीएजी होतं. बदललं एकच अक्षर, पण प्रथिनाच्या साखळीत व्हॅलिन या दुव्याच्या जागी ग्लुटामिक ॲसिड बसतं आणि पेशीला ‘वाढ’ म्हणणारं बटण दाबलेलंच राहतं. माणसात ही जागा ६०० वी, कुत्र्यात ५९५ वी. कुत्र्यांच्या बहुतांश प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये हा बदल असतो, हे २०१५ मध्ये पुढे आलं. माणसात तो मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये सर्रास सापडतो, प्रोस्टेटमध्ये क्वचितच. मूत्राशयाशी असलेलं हे साम्य मला रोज दिसतं: स्लाइडवरच्या पेशी ग्रंथीच्या की मूत्रमार्गाच्या अस्तराच्या, हे कित्येकदा छातीठोकपणे सांगता येत नाही.

पीएसएचा विचार सोडा. ते प्रथिन बनवणारं केएलके३ हे जनुकच कुत्र्यात नाही. त्याऐवजी लघवीत उतरलेल्या पेशींमधला बीआरएएफचा बदल शोधता येतो. सापडला तर निदान बरंच पक्कं होतं, न सापडल्यास कॅन्सर नाही असं मात्र धरू नका. पोटातून सुई घालून नमुना घ्यायचं ठरत असेल तर आधी ही लघवीची तपासणी विचारा, कारण सुईच्या वाटेवर पेशी रुजण्याचा धोका असतो.

आणि हो, हा बदल जन्मजात नसतो, त्या गाठीतच घडलेला असतो. स्कॉटिश टेरियरसारख्या जातींत मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका वंशातूनच जास्त येतो, ती गोष्ट वेगळी. वारशाचा प्रश्न खरं तर तुमच्या घरात आहे. बीआरसीए२ किंवा एचओएक्सबी१३ या जनुकांमधला, प्रोस्टेट कॅन्सरचा धोका वाढवणारा जन्मजात दोष वडिलांकडून मुलांकडे येऊ शकतो. वडिलांची ती तपासणी झाली होती का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या.