सही करण्याआधी करारनामा बघ

बाबू, कापसाच्या जिनिंगमध्ये (सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यात) शिकाऊ फिटर म्हणून लागतोयस, आनंद झाला. पण एक विचारतो, करारनामा झाला का?

1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात शिकाऊ हा कामगार धरत नाहीत. म्हणून त्याला किमान वेतन नाही, विद्यावेतन मिळतं. 2019 च्या नियमांत दहावीवाल्याला महिन्याला किमान 6,000, आपल्या आयटीआयवाल्याला 7,000 ठरले. दुसऱ्या वर्षी 10 टक्के वाढ. दर बदलतात, म्हणून सहीच्या दिवशीचा आकडा सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर पाहून घे.

पण हे सारं करार नोंदवला असेल तरच. कागद नसताना मालक "तू शिकतोयस" म्हणून दोन हजारावर राबवत असेल, तर तू त्याचा कामगारच आहेस आणि किमान वेतनाचा हक्कदार आहेस. माझं असंच झालं. हंगामात चार महिने कापसाच्या गाठी ढकलल्या, रोलरला हात लावू दिला नाही, कागद मागितला तर "उद्या देतो". तो उद्या आलाच नाही. अजून जीव जळतो.

म्हणून घरी एक वही ठेव. आलो किती वाजता, गेलो किती वाजता, काम काय केलं, रोज लिही. पैसे खात्यातच घे, हातात नको. ओव्हरटाइमला सांगितलं तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याची, परवानगी आहे का ते विचार, ती लागतेच. काही अडलं तर आयटीआयतल्या सरांकडे जा. लाजू नको, लेका.